तिसरा नियम

“मी काय तुह्या त्या खोलीतली पेशंट हाय?” असं म्हणून जनकाबाईंनी लेकीचा फोन ठेवला, त्याला आज आठ दिवस झाले. ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर रेणुकानं रोज सकाळ-संध्याकाळ फोन लावून पाहिला; तिकडं घंटी वाजत राहायची आणि शेवटी ती कंपनीची गोड आवाजाची बाई येऊन उत्तर मिळत नसल्याचं सांगायची. जानेफळात मोबाइलचं दुकान चालवणारा भाऊ, धम्मदीप, म्हणाला, “आई मजेत हाय, खिचडी खाते, विहारात जाते. तुह्याशी काऊन बोलत नाही ते तिलेच इचार.” म्हणजे झालं का, जिला विचारायचं तीच फोन उचलत नाही! बरं, भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. आई एवढंच म्हणाली होती, “आजकाल भाकर जात नाही वं मले.” रेणुका म्हणाली, “म्हणजे तुला जेवावंसं वाटत नाहीये.” “हाव, तेच त सांगून राह्यली.” “आणि त्याचा तुला त्रास होतोय.” “त्रास नाही त काय मजा येईन?” “बोल आई. मी ऐकतेय.” मग बराच वेळ फोनमधून नुसती अंगणातल्या कोंबडीची कुरकुर ऐकू येत होती, आणि त्यानंतर ते पेशंटचं वाक्य आलं. रेणुकाचा नवरा राजकुमार आज सकाळी पोहे खाताना हसून म्हणाला, “लोका सांगे ब्रह्मज्ञान!” पुढचं कोरडे पाषाण त्यानं मोठ्या मनानं पोह्यांबरोबर गिळून टाकलं. तिला राग आला, आणि राग आला म्हणून आणखी राग आला. कारण डॉ. रेणुका इंगळे म्हणजे काही साधीसुधी असामी नव्हती. चिखलीच्या बाहेर मेहकर रस्त्यावर विद्यापीठाचा जो मानसशास्त्र आणि समुपदेशन विभाग आहे, त्याची ती गेली अकरा वर्षं प्रमुख होती. माणसाचं ऐकावं कसं, हे शिकवण्याचा पगार ती घेत होती.

विभाग तसा छोटाच. चार खोल्या, एक व्हरांडा, आणि हंगामात धान्य बाजाराकडून येणारी सोयाबीनची धूळ. पण त्यात एक काच होती. समुपदेशनाच्या खोलीत बसलेल्याला तो भिंतीवरचा मोठा आरसा वाटायचा. आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्याला मात्र आरपार सगळं दिसायचं. फक्त पलीकडचा दिवा चुकूनही लावायचा नाही, नाहीतर सगळं बिंग फुटलं. ही काच बसवायला रेणुकानं दोन कुलगुरू झिजवले होते. त्या अंधाऱ्या खोलीत बसून तिनं आजवर शंभरावर पोरापोरींना तयार केलं. शिकाऊ मुलांपुढं खरी दुखणी आणून कशी बसवणार? म्हणून तिनं तालीम-पेशंटची रीत पाडली होती. बाजारातल्या, वस्तीतल्या बायांना बोलवायचं, एका कार्डावर लिहिलेलं दुःख वाचून दाखवायचं, आणि त्यांनी ते आपलं म्हणून पोरांना सांगायचं. वर चहा आणि आलुबोंडा. बायांना हे भारी आवडायचं. मागच्या वर्षी एका बाईनं कार्डावरच्या नवऱ्याला इतक्या शिव्या दिल्या, की तिचा खरा नवरा विभागात चौकशीला आला. रेणुकाला त्या अंधाऱ्या खोलीची सवय लागली होती, खरं म्हणजे चटकच. तिथं कोणी सहीला कागद आणत नाही, कोणी रजा मागत नाही. माणसं समोर रडतात, हसतात, आणि आपल्याला काही करावं लागत नाही. आपण खूण करायची, टीप लिहायची. कधीकधी सराव संपून मुलं गेली, तरी ती तिथं पाच मिनिटं बसून राहायची, रिकाम्या दोन खुर्च्यांकडं बघत.

समुपदेशनाच्या खोलीत आरशासमोरच्या भिंतीवर नियमांचा फलक होता, तिच्याच अक्षरातला. नियम तिसरा: ‘का’ विचारू नये. ‘का’ म्हटलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो, मनातलं सांगायचं सोडून देतो. तेव्हा ‘कसं वाटलं’ विचारा, ‘काय झालं’ विचारा, ‘का’ नको. नियम बरोबरच होता, जगभरचे लोक तो शिकवतात. पण आता स्वतःशीच खोटं कशाला बोला? रेणुकानं तो फलकावर तिसरा घातला खरा, मनात तो पहिला होता, आणि त्याचं कारण पुस्तकात नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी ती जानेफळहून उठून पुण्याला शिकायला गेली, आणि पहिल्याच सरावात समोर रडणाऱ्या मुलीला तिनं कळवळून विचारलं, “काऊन रडून राह्यली वं?” वर्ग हसला. वाईट हसला असंही नाही, चांगली मुलं होती ती, पण हसला. समोर रडायचं नाटक करणारी मुलगीसुद्धा हसली. बाईंनी दोन खुणा केल्या, एक ‘का’ विचारल्याची आणि दुसरी कशाची ते सांगितलं नाही. त्या दिवशी वसतिगृहाच्या न्हाणीघरात उभं राहून रेणुकानं तो ‘काऊन’ गिळला, तो आजतागायत बाहेर आला नाही. आणि गंमत अशी, की सबंध वऱ्हाडाचं बोलणं त्या एका शब्दावर उभं आहे. उशीर काऊन झाला, भाजीत मीठ काऊन कमी, पोरगी काऊन वाळली, बस काऊन नाही आली. दिवसातून शंभरदा ‘काऊन’ म्हणणाऱ्या माणसांच्या पोरांना ती अकरा वर्षं सांगत होती, की बाबांनो, ‘का’ विचारू नका. पोरंही गुणी, गिळायची.

वैष्णवीला तेवढं गिळता येत नव्हतं. डोणगावची पोरगी, घरचा भाजीपाल्याचा मळा, बोलणं तोंडात मावायचं नाही असं. पहिल्या प्रात्यक्षिकात पंचेचाळीस मिनिटांत तिनं सतरा वेळा ‘काऊन’ विचारलं. सतरा! रेणुकानं स्वतः खुणा केल्या होत्या, आणि ओळीत जागा पुरेना म्हणून समासात केल्या होत्या. पोरगी नापास झाली. विद्यापीठाचा नियम दोनच संधींचा, आणि आज दुसरी. डोणगावच्या शाळेनं तिला समुपदेशक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण प्रमाणपत्र पाहिजे. आज गेली तर दोन वर्षं पाण्यात, आणि वैष्णवी परत वांग्याच्या वाफ्यात. सकाळी व्हरांड्यात ती रेणुकाला भेटली तेव्हा ओठ घट्ट मिटून उभी होती. “घाबरलीस का?” रेणुकानं विचारलं. वैष्णवीनं नुसती मान हलवली, आणि फार जपून, प्रत्येक शब्द धुऊन घेतल्यासारखा, म्हणाली, “नाही मॅडम. मला थोडी अस्वस्थता जाणवते आहे.” हे ऐकून प्रमुख म्हणून रेणुकाला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बहिःस्थ परीक्षक म्हणून पुण्याहून प्राची मॅडम आल्या होत्या. बारीक, टापटिपीच्या, चष्म्याला दोरी, हातात अणकुचीदार पेन्सिल. दोघी अंधाऱ्या खोलीत शेजारी बसल्या. काचेपलीकडं वैष्णवी आणि तिच्यासमोर सोजराबाई. सोजराबाई म्हणजे विभागाची जुनीजाणती तालीम-पेशंट, बाजारात भाजीचा ठेला, आजवर तिनं कार्डावरची तीस-पस्तीस दुःखं भोगली होती. आजचं कार्ड होतं: सून बोलत नाही. सोजराबाईला मुळात सून नव्हती, पण तिनं डोळ्याला पदर लावून अशी काही सुरुवात केली, की प्राची मॅडम पुढं सरकून बसल्या. “घरात येते, ताट वाढते, अन् चालली जाते. एक शब्द नाही बाप्पा. भिंतीसंग बोलावं का मी?”

“म्हणजे तुम्हाला एकटेपणा जाणवतो आहे,” वैष्णवी म्हणाली.

“हाव, एकटं त वाटतेच.”

“तुम्हाला एकटं वाटतं.”

“आता तेच त म्हणलं.”

“हं. मी ऐकते आहे. बोला.”

प्राची मॅडमची पेन्सिल कागदावर थबकलेली होती. ‘का’च्या रकान्यात एकही खूण नव्हती. “छान तयारी करून घेतलीत,” त्या कुजबुजल्या. रेणुकाचं लक्ष वैष्णवीच्या बोलण्याकडं होतं. तिला ते शब्द ओळखीचे वाटत होते. फलकावरचे म्हणून नव्हे, आठ दिवसांपूर्वी फोनमध्ये बोललेले म्हणून. मी ऐकतेय, बोल. हे वाक्य असं दिसतं होय बाहेरून? तिला एकदम इंद्रभान आठवले, तिचे वडील. कोणी घरी आलं की ते बाज टाकायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, “काऊन आला बे?” त्यात ‘का आलास’ असं नसायचंच मुळी. त्यात बस, पाणी पी, काय अडलं ते सांग, असं सगळं असायचं. अर्धं गाव त्या बाजेवर येऊन मोकळं होऊन गेलं. कोणी स्वतःची बाजूबिजू मांडली नाही. वडलांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आई एकटी. म्हणून तर तिला भाकर जात नसेल. रेणुकानं आठवडाभर मनात आईची फाइलच उघडली होती: एकटेपणा, अन्नावरची वासना उडणं, म्हातारपणातली उदासी. राजकुमारला ती म्हणालीही होती, की लक्षणं तशीच आहेत. आणि एवढं सगळं कळूनही ती जानेफळला गेली नव्हती. परीक्षा आहेत, म्हणाली होती.

काचेपलीकडं सोजराबाईचा धीर सुटला. तिनं डोळ्याचा पदर खाली घेतला आणि रोखून पाहिलं. “पोरी, तू काही इचारत काऊन नाही वं? मी बोलून राह्यली, अन् तू तेच मले वापस देऊन राह्यली. बजारात असं केलं त कोणी मेथीची जुडी तरी घेईन काय?” वैष्णवीचे ओठ हलले, मिटले. “तुम्हाला... तुम्हाला राग आला आहे,” ती कशीबशी म्हणाली. “राग कायचा? आज बजार हाय, माह्या ठेल्यापाशी कोणी नाही,” असं म्हणत सोजराबाई उठली, वैष्णवीच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला, टेबलावरचा आलुबोंडा कागदात बांधून घेतला आणि चालती झाली. आजवर असं कधी झालं नव्हतं. घड्याळात वीस मिनिटं उरली होती. वैष्णवी रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिली, मग आरशाकडं, म्हणजे या दोघींकडंच, पण तिला काय दिसणार?

“अपूर्ण सत्र,” प्राची मॅडम हळहळून म्हणाल्या. “नियमानं हे नापासच धरावं लागेल. नाहीतर वेळेत दुसरा पेशंट हवा.”

दुसरी बाई दुपारच्या मुलांसाठी सांगितलेली, ती यायला अजून अर्धा तास होता. रेणुका उठली. आपण काय करतोय हे तिला नीट कळायच्या आत ती दारापाशी पोचली होती. “पेशंट मी होते,” ती म्हणाली.

समुपदेशनाच्या खोलीत ती दिवसातून दहादा यायची, पण त्या खुर्चीत अकरा वर्षांत कधी बसली नव्हती. खुर्ची बुटकी होती. हे कोणी सांगितलं कसं नाही? बसलं की गुडघे वर येतात आणि समोरचं माणूस उंच वाटतं. तिनं मान वर केली तर समोर आरसा, आणि आरशात एक सेहेचाळीस वर्षांची बाई, डोळ्यांखाली काळं, आणि अंबाड्यात खुपसलेलं एक लाल पेन. सकाळी पेपर तपासताना खोचलं असणार. त्यानंतर दोन बैठका झाल्या, शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे भेटले, आणि एकानं बोलू नये? काचेपलीकडं आता प्राची मॅडम एकट्या. अंधारात बसणाऱ्याला काय दिसतं ते रेणुकाला तोंडपाठ होतं. उजेडात बसणाऱ्याला नुसता आपलाच चेहरा दिसतो, हे तिला माहीत असून माहीत नव्हतं. तिनं टेबलावरचं कार्ड उचललं. वैष्णवी पांढरीफटक पडली होती.

“माझी सून माझ्याशी बोलत नाही,” रेणुकानं वाचल्यासारखं म्हटलं.

“म्हणजे तुम्हाला वाईट वाटतं आहे.”

आणि रेणुकाला खरोखरच वाईट वाटलं, पण सुनेचं नाही. आपण काही देऊ केलं आणि समोरच्यानं ते हातात न घेता नुसतं दाखवून परत केलं, तसं झालं. अपमानच झाला म्हणा ना.  आईला हेच झालं असणार, अगदी हेच. ओट्यावर बसून, फोन कानाला, समोर कोंबडी. तिनं कार्ड पालथं ठेवलं.

“माझी आई जेवत नाही,” ती म्हणाली.

वैष्णवीनं डोळ्यांची उघडझाप केली. “आई जेवत नाहीत, असं तुम्हाला वाट...” ती थांबली. मग ते धरण फुटलं. “काऊन?”

फुटलं तसा तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि आरशाकडं भेदरून पाहिलं. पलीकडं पेन्सिल चालली असणार. पण रेणुका वाट बघत होती, की आता आपल्याला स्वतःची बाजू मांडावीशी वाटेल, पुस्तकात लिहिलंय तशी. ती वाटेना. उलट कोणीतरी बाज टाकल्यासारखं वाटलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही इचारलं नाही?” वैष्णवीचे हात तोंडावरून खाली आले.

“नाही.”

“काऊन नाही इचारलं, मॅडम?”

“भेव वाटते,” रेणुका म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून थक्क झाली, कारण हा आवाज पुण्याला जायच्या आधीचा होता. “बाप गेला तवापासून ती एकटी हाय. मी इथं बसून अख्ख्या जिल्ह्याचं ऐकून राह्यली, अन् तिच्याकडं जाऊन बसाले मले येळ नाही. उद्या तिनं सांगितलं, की तुह्यामुळं जेवण जात नाही, त मी काय करू? म्हणून मी इचारतच नाही. नुसतं ऐकते. ऐकलं म्हणजे काही करा नाही लागत.”

यावर काय म्हणायचं ते कुठल्याच फलकावर नव्हतं. वैष्णवीनं आपली खुर्ची ओढून अगदी जवळ घेतली.  बाहेर एक ट्रॅक्टर गेला, मग त्याची ट्रॉली गेली. रेणुकाचे डोळे भरले, आणि ते आरशात दिसले, आणि अंबाड्यातलं पेनही दिसलं, आणि तिला त्यातच हसू फुटलं. वैष्णवीनं तिच्या डोक्यामागं हात घालून ते पेन हलकेच काढलं आणि टेबलावर ठेवलं. घड्याळाची घंटी झाली.

“मॅडम,” वैष्णवीनं चाचरत विचारलं, “हे कार्डावरचं होतं ना?”

“कार्डावर सून होती, वैष्णवी.”

प्राची मॅडम चष्मा पुसत व्हरांड्यात आल्या. ‘का’च्या रकान्यात दोन खुणा होत्या, त्यांनी त्या प्रामाणिकपणे दाखवल्या आणि त्यांचे गुणही कापले. “आता शेवटचा रकाना राहिला,” त्या म्हणाल्या. “पेशंट मोकळा झाला किंवा नाही. एरवी मी अंदाजानं भरते. आज पेशंटच समोर आहे, तर तुम्हीच सांगा. यावरच तिचं पास-नापास अडलंय.”

“झाला,” रेणुका म्हणाली. तिनं मान वळवून नाक पुसलं. “चांगला मोकळा झाला.”

प्राची मॅडमनी गुण मांडले, बेरीज केली आणि खाली ‘उत्तीर्ण’ लिहिलं. खांबाआड उभ्या वैष्णवीनं अशी काही किंकाळी मारली, की दुपारसाठी आलेली तालीम-पेशंट दचकून परत निघाली. तिला समजावून आणावं लागलं. “ते पेन,” प्राची मॅडम जाता जाता म्हणाल्या, “सकाळपासून सांगायचं मनात होतं हो.”

“मग सांगितलं का नाही?” रेणुकानं विचारलं.

“आपण निरीक्षक ना! मधे पडायचं नाही.” आणि दोघी पोट धरून हसल्या.

चारच्या मेहकरच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, तुरी पिवळ्या. मेहकरहून जानेफळच्या जीपमध्ये ती अकरावी सवारी होती. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “मधेच काऊन चालली वं माहेरी? सण नाही, वार नाही.” रेणुकानं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि गाव येईपर्यंत ते संपलं नाही. विभागातली कामं, अंतर्गत गुण, उद्याच्या दोन बैठका, सगळं ती मागं ठेवून आली होती, आणि तरी तिला मधूनमधून शीळ घालावीशी वाटत होती. एक काळजी मात्र होतीच. आई दार उघडेल, पण बोलेल का? आणि बोलली, तर काय बोलेल?

जनकाबाई विहारातून नुकत्या परतल्या होत्या, पांढरं लुगडं, ओट्यावर पाय सोडून. लेक फाटकातून आत आली तरी त्या उठल्या नाहीत. वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं.

“काऊन आली?” त्या म्हणाल्या.

सगळ्या वाटेत रेणुकानं तीन-चार चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना. ती चप्पल न काढताच ओट्यावर आईशेजारी बसली. “तू काऊन जेवत नाही ते इचाराले आली.”

जनकाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग बोटानं गाल बाजूला ओढून तोंड हे एवढं उघडलं. “दाढ,” त्या उघड्या तोंडानंच म्हणाल्या. “ह्या बाजूची. हालून राह्यली. धम्मदीपले सांगावं त तो धरून नेईन अन् उपटून टाकीन, मले त्या सांडशीचं भेव वाटते. म्हटलं लेकीले सांगावं, ती संग येईन, हात धरीन. त तू इचारलंच नाही!”

रेणुका हसायला लागली. एकटेपणा, उदासी, म्हातारपण, आठ दिवसांची ती सगळी फाइल, आणि शेवटी दाढ! ती इतकी हसली की ओट्याखालची कोंबडी पंख फडफडवत पळाली. जनकाबाईही हसल्या, गाल धरून, “नको हासवू वं, दुखते,” म्हणत. उद्या बैठका नाहीत, उद्या दाढ, असं रेणुकानं सांगून टाकलं, आणि हात धरायचंही कबूल केलं. हसू ओसरल्यावर आईनं तिचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडं वळवला, डोळ्यांखालचं काळं बघितलं.

“हे त झालं माह्या दाढेचं,” जनकाबाई म्हणाल्या. “आता तू सांग. तू काऊन एवढी वाळली?”

रेणुकानं चप्पल काढली, पाय वर घेतले, आणि सांगायला सुरुवात केली.